डॉक्टरांच्या दवाखान्यात काय बघावं?

घराजवळचा दवाखाना आपण कशावरून निवडतो? तो चालत जाण्याच्या अंतरावर असतो, फी परवडते, डॉक्टर दोन शब्द नीट बोलतात, शेजारच्या काकूंना त्यांच्या औषधानं गुण आलेला असतो. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसायला जागा मिळत नाही, म्हणजे डॉक्टर चांगलेच असणार, असंही आपण धरून चालतो. ही कारणं चुकीची नाहीत, पण तो दवाखाना सुरक्षित आहे की नाही हे त्यांवरून कळत नाही. सुई नवी होती का, लस ठेवलेला फ्रिज रात्री बंद पडला होता का, कागदाच्या पुडीतल्या चार गोळ्या नेमक्या कशाच्या होत्या, हे गर्दीवरून समजत नाही आणि भिंतीवरच्या पदवीवरूनही समजत नाही. ते बघावं लागतं. माझं म्हणणं असं, की ते बघणं कुणाही सामान्य माणसाला जमतं, त्यासाठी वैद्यकाचं शिक्षण लागत नाही. आणि महाराष्ट्रात आज ते आपणच करायला हवं, कारण आपल्या वतीनं ते नियमितपणे करणारं दुसरं कुणी नाही.

हे शेवटचं वाक्य अनेकांना खरं वाटणार नाही, म्हणून आधी कायदा काय आहे ते पाहू. ज्या रुग्णालयांत खाटा आहेत, रुग्ण दाखल करून घेतले जातात, त्यांना १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत मोठी सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पण तपासून चिठ्ठी लिहून देणारा, एकही खाट नसलेला साधा दवाखाना या कायद्याच्या कक्षेत येत नाही. केंद्रानं २०१० मध्ये केलेल्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यात असे दवाखानेही धरलेले आहेत. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यानं तो कायदा स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलेलं आहे आणि महाराष्ट्रानं तो स्वीकारलेला नाही. मग उरतं काय, तर डॉक्टरांची आपापल्या वैद्यक परिषदेकडची नोंदणी आणि कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र. पहिल्यावरून डॉक्टर कोण आहेत ते कळतं, दुसऱ्यावरून कचरा कुठे जातो ते. या दोहोंच्या मधे जे घडतं, म्हणजे रुग्णाच्या अंगाला प्रत्यक्ष हात लागतो तो सगळा भाग, ठरावीक मुदतीनं येऊन तपासणारी यंत्रणा नाही. तक्रार झाली किंवा काही विपरीत घडलं, तरच कुणीतरी फिरकतं.

अशी यंत्रणा असली तर ती काय शोधते, हे समजून घ्यायला इंग्लंडचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथं फॅमिली डॉक्टरांच्या प्रत्येक दवाखान्याला एप्रिल २०१३ पासून केअर क्वालिटी कमिशन या संस्थेकडे नोंदणी करावी लागते. तपासनीस येतात आणि पाच प्रश्न घेऊन दवाखाना बघतात: इथं रुग्ण सुरक्षित आहे का, उपचारांचा उपयोग होतो का, वागणूक आपुलकीची आहे का, लोकांच्या गरजेप्रमाणे सेवा मिळते का आणि कारभार नीट चालतो का. त्यावरून चारपैकी एक शेरा मिळतो आणि तो रुग्णांना दिसेल असा लावावा लागतो. २०१४ ते २०१७ या काळात सगळ्या दवाखान्यांची पहिली फेरी पूर्ण झाली, तेव्हा शंभरातले नव्वदच्या आसपास दवाखाने चांगले किंवा त्याहून वरचे ठरले. पण सर्वांत जास्त दवाखाने अडखळले ते सुरक्षिततेच्या प्रश्नावर. तपासनीस तिथं काही अवघड शोधत नाहीत. फ्रिजचं तापमान रोज लिहिलं जातं का, तातडीची औषधं जागेवर आणि मुदतीत आहेत का, प्रयोगशाळेतून आलेला रिपोर्ट कुणी वेळेवर पाहिला का, मेथोट्रेक्सेटसारखं जोखमीचं औषध चालू असलेल्या रुग्णाची रक्ततपासणी राहून तर गेली नाही ना, असल्या रोजच्या गोष्टी ते बघतात. हुशार आणि प्रामाणिक डॉक्टरांचे दवाखानेही इथंच कमी पडतात, हा त्या तपासणीतून मिळालेला सर्वांत मोलाचा धडा आहे. आणि तिथली व्यवस्थाही निर्दोष नाही. या संस्थेच्या कामाचा आढावा घेणाऱ्या डॉ. पेनी डॅश यांच्या २०२४ च्या अहवालात दिसलं, की तिच्या अखत्यारीतल्या दर पाच ठिकाणांपैकी सुमारे एकाला कधीच शेरा मिळालेला नव्हता. म्हणजे सरकारी तपासनीस असला तरी रुग्णानं डोळे मिटून चालत नाही. आपल्याकडे तर तो नाहीच.

आता आपल्या दवाखान्यात शिरू आणि सुरुवात सुईपासून करू, कारण सर्वांत मोठा धोका तिथं आहे आणि तो सर्वांत सहज दिसतोही. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा परिसरात हिपॅटायटिस बी या काविळीची साथ आली आणि डझनावारी माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याच्या आरोपावरून तिथं डॉक्टरांना अटक झाली. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागात अनेक गावकऱ्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघडकीला आलं. गावोगाव फिरून स्वस्तात सुई टोचणाऱ्या एका भोंदू डॉक्टरवर ठपका आला. २०१९ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात रातोदेरो इथं शेकडो जणांना एचआयव्ही झाला, त्यांत बहुसंख्य लहान मुलं होती. यांतल्या बहुतेकांनी ताप, खोकला, अंगदुखी अशा साध्या दुखण्यांसाठी सुई घेतली होती. दूषित सुई टोचली गेली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, हिपॅटायटिस सीची साधारण तीनपर्यंत आणि एचआयव्हीची ०.३ च्या आसपास असते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. आजार कळायला महिने, कधी वर्षं जातात, आणि तोवर त्या सुईची आठवणही उरत नाही.

म्हणून सुई घेताना मान फिरवू नका, बघा. सिरिंजचं वेष्टन तुमच्यासमोर फाडलं गेलं पाहिजे. आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सिरिंज नको म्हणा. नुसती सुई बदलून तीच सिरिंज पुढच्या रुग्णाला वापरणं तितकंच धोक्याचं आहे, कारण रक्ताचा सूक्ष्म अंश सुईतून नळीत मागे येतो. ‘सुई नवीन घातली आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. मग बाटलीकडे बघा. अनेकांना पुरणाऱ्या औषधाच्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली दिसली, आणि प्रत्येक वेळी तिलाच सिरिंज लावून औषध ओढलं जात असेल, तर तिथं थांबा. त्या उघड्या सुईतून जंतू बाटलीत जातात आणि एका रुग्णाचं दूषित रक्त बाटलीतून पुढच्या दहा जणांपर्यंत पोचू शकतं. बूच दर वेळी स्पिरिटनं पुसून, नव्या सुईनं, नव्या सिरिंजमध्ये औषध घेतलं पाहिजे. टोचून झाल्यावर ती सुई लगेच कटरमध्ये किंवा टणक डब्यात जाते का, की ट्रेमध्येच पडून राहते, हेही पाहा. एकदा दट्ट्या दाबला की पुन्हा मागे ओढता येत नाही अशा सिरिंजही मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ पासून त्यांचाच आग्रह धरला आहे. तुमचे डॉक्टर त्या वापरत असतील तर ती फार चांगली खूण समजा.

पण त्याहून आधीचा प्रश्न असा, की सुई लागतेच का? इथं दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारता येणार नाही. ‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय’, ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ हा आग्रह आपलाच असतो, आणि नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांना सोडून आपण पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरांकडे जातो. बहुतेक तापांत तोंडानं घ्यायची गोळी तेवढंच काम करते. सलाईनच्या बाटलीत मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. जो माणूस पाणी पिऊ शकतो त्याला ते शिरेतून देण्याचं सहसा कारण नसतं. लगेच तरतरी आणणाऱ्या इंजेक्शनात कधी कधी स्टेरॉईड असतं, आणि त्यानं ताप उतरतो तरी आजार आत वाढत राहू शकतो. ‘हे कशाचं इंजेक्शन आहे आणि गोळीनं भागेल का?’ हा एक प्रश्न विचारायची सवय लावा.

सुईनंतर कचरा. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत, आणि रंगांमुळे ते कुणालाही तपासता येतात: रक्त-पू लागलेला कापूस आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे आणि सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि पाती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये असा दंडक आहे. दवाखान्यात एकच प्लास्टिकची बादली असेल आणि तिच्यात कापूस, सिरिंज आणि चहाचे कप एकत्र पडलेले असतील, तर तो कचरा घंटागाडीत जातो हे ओळखा. सफाई कामगाराच्या हाताला सुई टोचते, हे एक. आणि दुसरं असं, की मोडासाच्या प्रकरणात वापरलेला वैद्यकीय कचरा विकत घेऊन पुन्हा बाजारात आणणारा धंदाच तपासात उघड झाला होता. न कापलेली सिरिंज बाहेर गेली की ती कुठून परत येईल याचा नेम नसतो.

हात आणि हत्यारं यांबद्दल थोडक्यात. तुम्हाला तपासण्याआधी डॉक्टरांनी हात धुतले किंवा सॅनिटायझर लावलं का, एवढं लक्षात ठेवून बघा. बेसिन आहे पण साबण नाही, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं. टाके घालायची, गळू फोडायची हत्यारं उकळत्या पाण्यातून काढलेली असून भागत नाही, कारण काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालच्या वाफेचं यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, लागतं. त्यात १२१ अंशांवर किमान पंधरा ते वीस मिनिटं हत्यारं ठेवली जातात. लहान मुलाला वाफ देताना नेब्युलायझरचा मास्क आधीच्या मुलाचाच आहे का, हे विचाराच. स्वतःचा मास्क घरून नेणं सर्वांत बरं.

मुलांना लस खासगी दवाखान्यात देत असाल, तर फ्रिज उघडताना नजर टाका. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. उष्णतेनं लस खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण गोठल्यानंही त्रिगुणी, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांसारख्या लसी निकामी होतात, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. त्यामुळे बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या लसी, दारातल्या कप्प्यात लस आणि शेजारी कर्मचाऱ्यांचा डबा, थर्मामीटरचा पत्ता नाही, वीज गेली तर सोय नाही, अशी स्थिती असेल तर तिथं लस घेऊ नका. मूल रडतं, टोचल्याचा डाग राहतो, कार्डावर तारीख पडते, आणि तरीही संरक्षण मिळालेलं नसतं. हे कुणाच्या कधी ध्यानातही येत नाही. सरकारी लसीकरणातल्या बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती बाटली वापरायची नसते. परिचारिकेला ते दाखवायला सांगा, त्या दाखवतात.

राहिला कागद, आणि माझ्या मते सुईखालोखाल महत्त्वाची गोष्ट हीच. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर, पावतीवर छापायचा असतो. फी फलकावर लिहायची असते. औषध डॉक्टर स्वतः देत असतील तर तसं चिठ्ठीवर नमूद करायचं असतं. आता आपल्याकडची रीत आठवा: कंपाउंडर मोठ्या बरणीतून तीन रंगांच्या सुट्या गोळ्या काढतो, कागदात बांधतो, ‘सकाळ-संध्याकाळ’ म्हणतो, आणि आपल्या हातात ना नाव, ना मात्रा, ना मुदत. रात्री अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला आणि मोठ्या रुग्णालयात धावावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना काय दिलं गेलं ते कसं कळणार? मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला दुसऱ्यानं काय दिलं? गरोदर बाईला? म्हणून पुडी घेतलीत तरी गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून मागा, आणि ती चिठ्ठी फेकू नका. तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे, आधीची कोणती औषधं चालू आहेत, हे ज्या दवाखान्यात न विचारता औषध दिलं जातं तिथं पदवी कितीही मोठी असली तरी काम कच्चं आहे. पदवीबद्दल म्हणाल तर फलकावर ती कोणत्या पॅथीची आहे ते वाचा आणि नोंदणी क्रमांक संबंधित परिषदेच्या यादीत आहे का ते पाहा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची यादी मोबाइलवरही बघता येते, आणि नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वीस वर्षांच्या फॅमिली डॉक्टरांना असले प्रश्न विचारायचे? विश्वास नावाची काही गोष्ट आहे की नाही? विश्वास हवाच, त्यावाचून उपचार होत नाहीत. पण विश्वास वाटणं आणि सुरक्षित असणं यांचा संबंध फार कच्चा असतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावातले डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन त्यांच्या रुग्णांत अतिशय प्रिय होते. २००० साली त्यांना आपल्याच १५ रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली आणि पुढच्या चौकशीत बळींची संख्या २१५ ठरली. हे टोकाचं उदाहरण आहे, आपल्या डॉक्टरांशी त्याची तुलना करायची नाही; त्यातून घ्यायचं ते एवढंच, की लोकांचं प्रेम हे तपासणीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. जो डॉक्टर रोज नवी सिरिंज फोडतो, त्याला ती तुमच्यासमोर फोडायला काय अडचण असणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सामान्य माणसाला यातलं काय कळतं? निदान बरोबर की चूक हे खरंच कळणार नाही, आणि त्यात पडूही नये. पण व्यवस्था कळते, आणि याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं तिचं समन्वयन केलं. गावकऱ्यांनी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं स्वतः तपासली, सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते तक्ते ठेवले. आरोग्य केंद्रात मिळायला हवं ते औषध बाहेरून आणायला लावलं, परिचारिका गावात आल्याच नाहीत, पैसे मागितले गेले, अशा गोष्टी कमी शिकलेल्या बायाबापड्यांनी नेमक्या मांडल्या. जे त्यांना जमलं ते शहरातल्या सोसायटीला न जमण्याचं कारण नाही.

तिसरा आक्षेप छोट्या डॉक्टरांच्या बाजूनं येतो आणि तो मला निम्मा पटतो. शंभर रुपये फी घेणाऱ्या डॉक्टरवर मोठ्या रुग्णालयांचे निकष लादले, दर महिन्याला नवा परवाना आणि नवा अधिकारी पाठवला, तर तो दवाखाना बंद पडेल, आणि गरीब रुग्ण एक तर कॉर्पोरेट रुग्णालयात जाईल नाहीतर भोंदूकडे. परवाना-राज्यातली चिरीमिरीही नवी नाही. पण वर सांगितलेल्या यादीत महागडं काय आहे? सिरिंज काही रुपयांत येते. साबण, थर्मामीटर, टणक डबा, छापील चिठ्ठी यांना मोठं भांडवल लागत नाही. रुग्णाच्या नजरेला लाच देता येत नाही आणि तिला परवानाही लागत नाही, म्हणूनच आज तरी मी तिच्यावर भर देतो. यानं सरकारची जबाबदारी मात्र सुटत नाही. सरकारनं स्वतःच्या केंद्रांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आणली, त्यात ७० टक्के गुणांची अट ठेवली, २०१५ पासून स्वच्छतेसाठी कायाकल्प पुरस्कार सुरू केले. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला हे मानांकन मिळालं आहे का, नसेल तर कुठे अडलं, हे ग्रामसभेत विचारा. खाट नसलेल्या खासगी दवाखान्यांसाठी असाच छोटा, सोपा, जाहीर निकषांचा कायदा महाराष्ट्रानं करायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

गावात एकच डॉक्टर असेल तर ‘नको म्हणा, उठून या’ हा सल्ला कोरडा ठरतो, हे खरं. तिथं आधी बोलावं, आणि एकट्यानं बोलण्यापेक्षा चार जणांनी बोलावं. सिरिंज आणि चिठ्ठी या दोनच गोष्टींपासून सुरुवात करावी. बोलून भागलं नाही तर दार कोणतं ठोठवायचं ते ठरलेलं आहे. माणूस डॉक्टरच नसल्याचा संशय असेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि ग्रामीण भागात तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी कळवा; बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या आहेत. कचऱ्याबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. नोंदणीकृत डॉक्टरांच्या गैरवर्तनाबद्दल त्यांच्या परिषदेकडे, म्हणजे ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आयुर्वेद-युनानी आणि होमिओपॅथीसाठी त्या त्या परिषदेकडे तक्रार करावी लागते. तारीख, वेळ, चिठ्ठी, पावती आणि तुम्ही स्वतः काय पाहिलं तेवढंच लिहा. ऐकीव गोष्टी घातल्या तर खरी तक्रारही हलकी पडते.

आणि इंजेक्शन किंवा लस घेतलीच, तर टोचून झाल्यावर लगेच घरी निघू नका. अर्धा तास दवाखान्यातच बसा. कुणाला कधी तीव्र ॲलर्जी येईल हे सांगता येत नाही, आणि ती आली तर पहिल्या काही मिनिटांत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत द्यावं लागतं. ते औषध इथं आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे टोचून घेण्याआधी विचारा.